चष्म्याचे नाकावरचे डाग जातात आणि परत येतात: कुठे बघायचं, काय बदलायचं

नाकाच्या दोन्ही बाजूंना, नोजपॅड टेकतात त्याच जागी, दोन लांबट काळपट डाग. काहीतरी लावलं की महिना-दीड महिन्यात ते फिकट होतात, आपल्याला बरं वाटतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा जागच्या जागी. कुणाला डागांऐवजी खाज येते, कुणाच्या कानामागे सोलवटतं, कुणाच्या गालावर फ्रेमच्या खालच्या कडेने बारीक पुळ्या येतात. तक्रार वेगवेगळी असली तरी ‘जातं आणि परत येतं’ हे सगळ्यांचं सारखंच.

मला पाचवीत चष्मा लागला. आता पस्तिशी ओलांडली आहे, नंबर उणे सहाच्या पुढे गेलाय, आणि कोथरूडहून हिंजवडीला रोज स्कूटरने जाणं-येणं आहे, म्हणजे चष्म्यावर हेल्मेटही आलंच. इतक्या वर्षांत मी नाकाला कोरफड लावली, बटाट्याची चकती लावली, औषधांच्या दुकानातून विचारून आणलेली ट्यूब लावली. प्रत्येक वेळी थोडा फरक पडायचा आणि मग सगळं पहिल्यासारखं. उपचार त्वचेवर चालले होते आणि कारण मात्र मी रोज सकाळी उठून स्वतःच्या हाताने पुन्हा त्याच जागी ठेवत होते, हे लक्षात यायला फार वर्षं गेली.

म्हणून इथे जो क्रम सांगते आहे तो तसाच पाळा: आधी चष्मा नीट बसतोय का ते बघायचं, मग त्याची स्वच्छता, मग तो कशाचा बनलाय ते, आणि सगळ्यात शेवटी मलम. आपण बहुतेक जण मलमापासून सुरुवात करतो, म्हणून वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

आधी डाग नीट बघा

संध्याकाळी घरी आल्यावर चष्मा काढा आणि खिडकीच्या उजेडात नाकाचा, कानशिलांचा आणि कानामागचा फोटो घ्या. कानामागचा फोटो घरातल्या कुणाला तरी काढायला सांगा, स्वतःला जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चष्मा लावण्याआधी, पुन्हा तेच फोटो काढा.

संध्याकाळी दिसलेला खळगा अर्ध्या-पाऊण तासात भरून आला तर काळजी करू नका. दाबामुळे तिथलं पाणी आणि रक्त बाजूला सरकलेलं असतं, ते परत येतं. सकाळीही लाली दिसत असेल तर दाब जास्त आहे. तपकिरी-काळपट रंग दिसत असेल तर हे बरेच दिवस चाललेलं आहे. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा स्वभावच असा की तिला जिथे सतत त्रास होतो तिथे ती रंगद्रव्य जास्त बनवते. डास चावल्यावर, पुळी फोडल्यावर मागे काळा डाग राहतो तोच हा प्रकार. गोऱ्यापान त्वचेवर जिथे फक्त लाल वळ दिसेल तिथे आपल्याकडे काळा डाग दिसतो, आणि लाली ओसरली तरी तो काही महिने रेंगाळतो.

आता डागाचा आकार. इथे जरा वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. नोजपॅडचा पूर्ण लंबगोल सारख्या रंगाने उमटला असेल तर पॅड नाकावर सपाट बसतोय, फक्त वजन किंवा घट्टपणा जास्त आहे. अर्धचंद्रासारखी एकच बारीक, खोल रेघ असेल तर पॅड कडेवर टेकतोय. म्हणजे सगळं वजन नखाएवढ्या जागेऐवजी एका धारेवर येतंय, पॅडचा कोन चुकलाय. एकाच बाजूला डाग असेल तर चष्मा वाकडा आहे, किंवा आपला एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर आहे. हे फार जणांचं असतं आणि त्यात बिघडलेलं काही नाही, पण फ्रेम त्याप्रमाणे वाकवून घ्यावी लागते. गालावर ओळीने पुळ्या असतील तर हसून बघा. हसताना गाल वर येऊन फ्रेमला टेकत असतील तर तिथे दिवसभर घाम, पावडर आणि घर्षण एकत्र होतंय.

चष्मा बसतोय का

घरी करण्यासारखी परीक्षा सोपी आहे. चष्मा उलटा करून, काड्या उघड्या ठेवून, टेबलावर ठेवा. डगमगला तर वाकडा. मग तो लावून आरशासमोर उभं राहा आणि फ्रेमची वरची कड भुवयांना समांतर आहे का ते पाहा. मग खाली वाका, बुटाची नाडी बांधताना वाकतो तसं. चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत आला तर काड्या सैल आहेत, किंवा काडीचा बाक चुकीच्या जागी आहे.

या बाकाबद्दल कुणी फारसं सांगत नाही. काडी कानाच्या वरच्या टोकापर्यंत सरळ जायला हवी आणि तिथून पुढे लगेच खाली वळायला हवी. बाक कानाच्या मागे फार लांब असेल तर चष्मा घसरतो. बाक कानाच्या आधीच आला असेल तर काडी कानामागे रुतते आणि अख्खी फ्रेम नाकावर ओढून धरते, मग नाक आणि कान दोन्ही दुखतात. कानशिलांवर काडीचा उभा वळ दिसत असेल तर फ्रेम डोक्याच्या मानाने अरुंद आहे. ती वाकवून थोडी रुंद होते, पण फार फरक असेल तर फ्रेम बदलण्याला पर्याय नाही.

माझं जे चुकत होतं ते असं. उन्हाळ्यात घाम आणि सनस्क्रीनमुळे चष्मा घसरायचा. घसरतो म्हणून मी काड्या घट्ट करून घ्यायचे. घट्ट केल्यावर पॅड रुतायचे, नाक लाल व्हायचं. लाल झालं म्हणून क्रीम लावायचे, क्रीममुळे आणखी घसरायचा, की पुन्हा घट्ट. असं हे चक्र चार-पाच उन्हाळे चाललं. एका दुकानात तर, मी तक्रार केल्यावर, पॅड जवळ दाबून चष्मा आणखी ‘फिट’ करून दिला. पुढे लक्ष्मी रोडच्या एका बोळात बसणाऱ्या एका वयस्कर चष्मेवाल्या काकांनी फ्रेम हातात घेतली, माझं नाक दोन मिनिटं बघितलं आणि पॅड जवळ आणण्याऐवजी लांब केले, तिरके केले, आणि काडीचा बाक सहा-सात मिलिमीटर पुढे, कानाच्या जवळ घेतला. चष्मा घसरायचा थांबला. सैल करून घसरणं थांबतं हे मला तोपर्यंत पटलंच नसतं. पॅड सपाट टेकला की त्याची पकड वाढते, आणि कमी दाबात तो जागेवर राहतो.

तेव्हा चष्मेवाल्याकडे जाऊन ‘घट्ट करून द्या’ असं म्हणू नका. डागाचा फोटो दाखवा आणि सांगा, ‘पॅड इथे कडेवर टेकतोय, कोन बघा.’ या कामाला दहा मिनिटं लागतात आणि जिथून चष्मा घेतला तिथे सहसा पैसेही घेत नाहीत. प्लास्टिकच्या, म्हणजे शीट फ्रेमला वेगळे पॅड नसतात, नाकाची बैठक फ्रेममध्येच कोरलेली असते. ती नाकाला जुळत नसेल तर वाकवून जुळत नाही, काही ठिकाणी वरून सिलिकॉनचे छोटे पॅड चिकटवून देतात, तेवढंच करता येतं. ज्यांच्या नाकाचा दांडा बसका आहे त्यांनी, आणि विशेषतः लहान मुलांसाठी, फ्रेम निवडतानाच हे बघावं. मुलं ‘दुखतंय’ असं सांगत नाहीत, ती चष्मा काढून दप्तरात ठेवतात आणि आपण त्यांना हट्टी म्हणतो.

वजन

चष्म्याचं बहुतेक वजन नाक पेलतं, कान मुख्यतः तोल सांभाळतात. त्यामुळे मोठ्या नंबरवाल्यांनी काचेकडे लक्ष द्यायला हवं. खऱ्या काचेची घनता पाण्याच्या अडीच पट असते, साध्या प्लास्टिक लेन्सची, म्हणजे सीआर-३९ ची, १.३२, आणि पॉलीकार्बोनेटची १.२. बाबा अजूनही ‘काच ती काचच’ म्हणतात, पण त्यांच्या जुन्या चष्म्याचं वजन हातात घेतल्यावरच कळतं.

उणे नंबरची लेन्स कडेला जाड असते. फ्रेम जितकी मोठी, तितकी ती जाड कड जास्त शिल्लक राहते. सध्याच्या मोठ्या चौकोनी फ्रेम उणे सहाला घेतल्या तर लेन्सवर कितीही खर्च केला तरी वजन वाढणारच. मी लहान, गोलसर, डोळे बरोबर मध्यावर येतील अशी फ्रेम घेतली आणि पातळ लेन्स बसवली. फरक पहिल्याच दिवशी संध्याकाळी नाकाला कळला.

हेल्मेट आणि स्टोल

हा भाग खास आपल्या गावासाठी. पुण्यात दुचाकीवर निघालेली निम्मी मंडळी आधी चष्मा, त्यावर तोंडाला गुंडाळलेला स्टोल आणि त्यावर हेल्मेट अशा थरांत असतात. स्टोल फ्रेमला चेहऱ्यावर आवळून धरतो, आणि हेल्मेटचं अस्तर काड्या कानशिलात दाबतं. आत घाम आणि रस्त्यावरची धूळ. चांदणी चौकात वीस मिनिटं अडकलात तर तेवढा वेळ नाकावर पट्टा बांधल्यासारखंच होतं.

मी आता स्टोल आधी बांधते, तोही नाकाच्या खाली. मग हेल्मेट, आणि शेवटी समोरून काड्या सरकवून चष्मा. काड्या टोकाला फार वळलेल्या असतील तर हे जमत नाही. सरळसर काड्यांचा एक जुना चष्मा खास गाडीसाठी ठेवला तर चालतो, नंबर मात्र आताचाच हवा. पोहोचल्यावर चष्मा काढून नाक आणि पॅड दोन्ही ओल्या रुमालाने पुसायचे. पावसाळ्यात हे आणखी महत्त्वाचं, कारण तेव्हा काहीच धड वाळत नाही.

पॅडवरचा हिरवा थर

आता तुमच्या चष्म्याचे पॅड उजेडात धरून बघा. पॅडच्या मागे, स्क्रूच्या भोवती हिरवट-निळसर लगदा दिसतोय का? अनेक धातूच्या फ्रेममध्ये तांब्याचा अंश असलेला मिश्रधातू असतो. वरचा मुलामा गेला की घाम, तेल आणि हवा यांनी तांब्यावर हिरवं कीट चढतं, तांब्याच्या भांड्यावर चढतं तसंच. त्यात त्वचेच्या मृत पेशी, पावडर, सनस्क्रीन मिसळतं. हा सगळा माल दिवसाचे चौदा तास डोळ्याच्या कोपऱ्याजवळ घासत असतो. मी पहिल्यांदा पॅड काढून बघितले तेव्हा खरंच कळवळले, कारण त्याच काळात मी चेहरा धुवायला महागडा फेसवॉश वापरत होते.

रोज रात्री कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटावर घेऊन पॅड, काड्यांची टोकं आणि फ्रेमची आतली कड चोळायची, धुवायची, मऊ सुती कापडाने कोरडी करायची. गरम पाणी नको, लेन्सच्या थराला तडे जातात. शीट फ्रेमला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, ती पांढरी पडते आणि खरखरीत होते, आणि खरखरीत फ्रेम पुन्हा त्वचेला घासते. बोअरचं जड पाणी येत असेल तर शेवटी पिण्याच्या पाण्याने एकदा खळबळून घ्या, नाहीतर क्षारांचे डाग राहतात.

पॅड पिवळे, कडक किंवा चिकट झाले की बदलायचे. सिलिकॉनचे पॅड मऊ असतात पण तेल शोषून लवकर पिवळे पडतात. माझे सहा महिन्यांच्या वर चालत नाहीत. ही चष्म्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, आणि तिच्यात आपण सगळ्यात जास्त काटकसर करतो.

सनस्क्रीन किंवा क्रीम लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून चष्मा लावा. दिवाळीत अभ्यंगाचं तेल आणि उटणं लावून लगेच चष्मा चढवला की दोन दिवसांनी नाकावर पुळ्या येतात, हे मी तीन दिवाळ्या पाहिलं आणि मग सोडलं.

खाज येत असेल तर प्रश्न वेगळा

दाबाचा डाग सहसा खाजत नाही. तो दुखतो, हुळहुळतो. खाज, बारीक पुरळ, पाणी सुटणं, कोंड्यासारखे पापुद्रे हे दिसत असेल तर ॲलर्जीचा विचार करा. यात निकेल सगळ्यात पुढे. एक प्रश्न स्वतःला विचारा: खोटे कानातले घातले की कान चिघळतात का, जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ खाजतं का? उत्तर हो असेल तर चष्म्यातही निकेल त्रास देत असण्याची शक्यता मोठी. कोरड्या धातूतून ते फारसं सुटत नाही, घामात सुटतं. म्हणून हा त्रास एप्रिल-मे मध्ये उसळतो आणि थंडीत झोपतो, आणि आपल्याला वाटतं की हिवाळ्यातल्या क्रीमने गुण आला.

फ्रेम घेताना ‘टायटॅनियम आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. शुद्ध टायटॅनियम निकेलवाल्यांना सहसा चालतं. पण वाकवली तरी सरळ होणारी जी ‘मेमरी’ फ्रेम मिळते, तिच्या धातूत निम्म्याच्या आसपास निकेल असतं. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतं पण ते घट्ट बांधलेलं असतं, म्हणून बऱ्याच जणांना चालतं, काहींना नाही. शीट फ्रेम घेतली तरी बिजागरी आणि काडीच्या आतली तार धातूचीच असते, जुनी झाल्यावर टोकाकडे तार उघडी पडली आहे का ते बघा. आणि प्लास्टिकच्या रंगांची किंवा मऊपणासाठी घातलेल्या रसायनांची ॲलर्जीही असते, कमी प्रमाणात पण असते.

धातूवर पारदर्शक नेलपेंट लावायचा उपाय घरोघरी सांगितला जातो. नका करू. ते आठवड्याभरात निघतं, आणि पापण्यांना ॲलर्जी करणाऱ्या नेहमीच्या वस्तूंपैकी नेलपेंट स्वतःच एक आहे. काड्यांवर चढवायच्या सिलिकॉनच्या नळ्या मिळतात, त्या बऱ्या.

चष्म्याचा दोष नसतो तेव्हा

पापण्याच खाजत असतील आणि नाक, कानशिलं स्वच्छ असतील तर चष्म्याला सोडा. पापणीची त्वचा शरीरातली सगळ्यात पातळ, साधारण अर्धा मिलिमीटर. हाताला जे लागतं ते डोळे चोळताना तिला लागतं, आणि हाताच्या जाड कातडीला काही होत नाही पण पापणी सुजते. नेलपेंट, केसांचा डाय, अत्तर, आयलायनर हे सगळे संशयित. डायमुळे कानामागे आणि केसांच्या कडेलाही पुरळ येतं, आणि ते नेमकं काडीच्या जागी असल्याने दोष चष्म्यावर जातो. माझ्या एका मैत्रिणीने याच कारणाने दोन फ्रेम बदलल्या.

पुणेकरांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं, गाजर गवत. हे तण भारतात पहिल्यांदा पुण्यातच, १९५० च्या दशकात, नजरेस आलं, आणि त्याच्या ॲलर्जीची वैद्यकीय नोंदही पुण्याकडूनच झाली. पाऊस सुरू झाला की मोकळे प्लॉट, कालव्याचे काठ, टेकडीच्या पायवाटा त्याने भरून जातात. त्याच्या वाळलेल्या कणांची ॲलर्जी असली तर दोन्ही पापण्या, मानेच्या घड्या, कोपराचे खळगे एकदम पेटतात. रोज सकाळी टेकडीवर जाणाऱ्या कुणाला हा त्रास दरवर्षी त्याच महिन्यांत होत असेल तर चष्मा बदलून काही होणार नाही.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठीही चष्म्याला फार बोल लावला जातो. घराण्यातली ठेवण, ॲलर्जीने डोळे चोळण्याची सवय, रक्त कमी असणं, झोप ही कारणं जास्त खरी. चष्मा एक गोष्ट नक्की करतो: अधिक नंबरची काच तिच्यामागचं सगळं मोठं करून दाखवते, वर्तुळंही, आणि जाड फ्रेमची सावली डोळ्यांखाली पडते. म्हणून वर्तुळं खरंच वाढली का हे ठरवायचं असेल तर चष्मा काढून, दिवसाच्या उजेडात फोटो घ्या. आणि पापणीच्या आतल्या कोपऱ्याशी सपाट पिवळसर चट्टा असेल तर तो चष्म्याचा अजिबात नाही. तो चरबीचा साठा असतो, अशांपैकी बऱ्याच जणांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघतं. रक्त तपासून घ्या.

बाबांच्या कानामागची गाठ

गेल्या वर्षी बाबांच्या उजव्या कानामागे वाटाण्याएवढी गुलाबी गाठ आली. मध्ये खोल चीर, कधी खपली, कधी ओलसर. तीन महिने बरी होईना. घरात कुणी उघड बोलत नव्हतं पण सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता. त्वचेच्या डॉक्टरांनी गाठ बघितली आणि लगेच चष्मा मागितला. काडी बरोबर त्या चिरेत बसत होती. वर्षानुवर्षं एकाच जागी दाब आणि घर्षण झालं की त्वचा अशी जाड होते, मध्ये काडीची खाच पडते. याला ॲकँथोमा फिशुरॅटम म्हणतात. ती दिसायला त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगासारखी असते, म्हणून कित्येकदा तुकडा काढून तपासतात. बाबांच्या बाबतीत डॉक्टरांनी आधी काडी बदलून घ्यायला सांगितली आणि सहा आठवड्यांनी बोलावलं. जड काचेचा तो चष्मा गेला, हलका आला. सहाव्या आठवड्याला गाठ निम्मी झाली होती, तीन महिन्यांत सपाट. आई त्या दिवशी देवापुढे बराच वेळ बसली होती.

हे सांगते ते धीर देण्यासाठी, अंगावर काढण्यासाठी नाही. चष्मा दुरुस्त करून महिना-दीड महिना झाला तरी न भरणारी जखम, सहज रक्त येणारी गाठ, मोत्यासारखी चकाकणारी कड, रंग बदलणारा तीळ किंवा पॅडच्या जागी पडत चाललेला पांढरा डाग असेल तर लगेच दाखवा.

मलम शेवटी का

औषधांच्या दुकानातून ‘डागांची ट्यूब’ मागितली की बऱ्याचदा हातात पडते ती स्टिरॉइड असलेली. मीही ती लावली होती. चार दिवसांत लाली गेली, म्हणून दोन महिने लावत राहिले. थांबवल्यावर नाक आधीपेक्षा लाल, आणि डोळ्याच्या कोपऱ्याशी त्वचा इतकी पातळ की बारीक शिरा दिसायला लागल्या. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी कुठलंही नाव ट्यूबवर असेल तर डोळ्यांजवळ स्वतःच्या मनाने लावू नका. दीर्घकाळ लावल्याने डोळ्याच्या आतला दाब वाढू शकतो, काचबिंदू-मोतीबिंदू होऊ शकतो. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी ती मिळतात, म्हणून सांभाळायचं आपणच.

लिंबूही नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजते आणि डाग आणखी गडद होतो. बटाट्याने नुकसान नाही, उपयोगही नाही. कोरफडीने गार वाटतं, ज्यांना ती खाजत नाही त्यांनी लावावी. दाब निघून गेल्यावर त्वचेला लागतं ते फार साधं: रात्री चष्मा काढल्यावर धुतलेल्या नाकावर साधी पेट्रोलियम जेली, सकाळी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, जे डोळ्यांना कमी झोंबतं, आणि वेळ. माझे डाग दिसेनासे व्हायला आठ महिने लागले. पहिले दोन महिने काहीच फरक दिसला नव्हता. त्या काळात धीर सोडून नवीन क्रीमकडे वळू नका.

डॉक्टरांकडे जाताना

ॲलर्जीचा संशय असेल तर पॅच टेस्ट करतात. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि ९६ तासांच्या सुमारास पुन्हा बघतात. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या संचात निकेल, डायमधलं पीपीडी आणि गाजर गवत हे तिन्ही असतात. त्या दिवसांत पाठ भिजवायची नसते, घामही नको, त्यामुळे मे महिन्यात करण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत केलेली बरी. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे.

जाताना हे सगळं पिशवीत घ्या: रोजचा चष्मा न धुता, गाडीवरचा आणि गॉगल असेल तर तोही, आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब रिकाम्या असल्या तरी, नेलपेंट, डायचं पाकीट, आणि सकाळ-संध्याकाळचे ते फोटो. आणि त्या दिवशी नाकावर पावडर लावून जाऊ नका.